टाकीतली सोबत आपण ठरवतो, मग हिंसा कुणाची?



गेल्या महिन्यात बस्तीत स्वाध्याय संपल्यावर एका वहिनींनी मला खांबाआड घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुमच्याकडं माशांची टाकी आहे म्हणे. आमच्या नव्या घरात हॉलमध्ये चार फुटी टाकी बसवायची म्हणतात हे. कुठले मासे एकत्र चालतात, तेवढं सांगा की."

त्यांनी हळू का विचारलं, ते मला कळलं. जैनांच्या घरात मासे, मग ते पाळायला का असेनात, हे मोठ्यानं बोलायला जरा अवघड जातं. पण गेल्या काही वर्षांत कितीतरी घरांच्या हॉलमध्ये मी टाकी पाहिली आहे. कुणाला मुलांनी हट्ट करून घ्यायला लावलेली, कुणाला वास्तुशांतीत भेट आलेली. त्यामुळे हा विषय एकदा मोठ्यानंच बोलू या. माझं मत सगळ्यांना पटेल असं नाही, पण ते मी एका चुकीतून शिकले आहे.

आमच्याकडं टाकी आली ती मुलगा सातवीत असताना. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण अडीचशे लिटर, खाली वाळू आणि वर मोकळी जागा सोडून दोनशे लिटर. दुकानदार म्हणाला, "कम्युनिटी टँक करा, सगळे मिळून राहतात." त्यानं दिले दोन एंजल, सहा टायगर बार्ब, दहा निऑन टेट्रा आणि काच साफ करायला एक सकर. रंगीबेरंगी दिसत होतं सगळं. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "पाणी गाळून पिणारी माणसं आपण, आणि पंचेंद्रिय जीव काचेत कोंडून ठेवायचे?" मी म्हटलं, "आई, आपण त्यांना मारतोय थोडंच? सांभाळतोय."

मुलगा रोज सकाळी निऑन मोजायचा. दहाचे नऊ झाले, मग सात, मग चार. मेलेला मासा कुठंच दिसेना. आम्ही झाकण तपासलं, मोटरचा पाइप तपासला. शेवटी कळलं की एंजल मोठे झाले होते आणि दिवे मालवल्यावर निऑन त्यांच्या तोंडात मावत होते. ज्या घरात सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत, त्या घराच्या हॉलमध्ये रोज रात्री हे चाललं होतं.

मग दशलक्षण पर्व आलं. उत्तम क्षमेच्या दिवशी सकाळी पूजेला निघताना पाहिलं, तर एक एंजल तळाशी कलंडलेला. त्याचे लांब पर टायगर बार्बनी कुरतडून पार दोरे केले होते. संध्याकाळपर्यंत तो गेला. मुलगा रडत म्हणाला, "आई, ते बार्ब वाईट आहेत." सासूबाईंनी त्याला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "ते कशाला वाईट? त्यांना तिथं आणलं कुणी?"

हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, हिंसेचे हे तीन मार्ग आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि होत असलेल्याला मान देणं. बार्बनं पर तोडले, एंजलनं निऑन खाल्ले. ते तिर्यंच आहेत, त्यांचा स्वभाव त्यांच्याबरोबर आला. नदीत एंजलपासून निऑनला पळायला जागा होती. माझ्या चार फुटांत ती जागा नव्हती. त्यांची सोबत मी ठरवली होती, दार मी बंद केलं होतं. करवून घेणारी मीच होते.

म्हणून वहिनींना मी जे सांगितलं, तेच इथं लिहिते. टाकी नसेल तर नवी घेऊ नका. असेल तर मात्र ती नुसती शोभा म्हणून ठेवू नका. आत कोण कुणाबरोबर राहणार, याची जबाबदारी पूर्ण तुमची आहे, आणि ती नीट निभावता येते.

नवी का घेऊ नका, ते आधी सांगते. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठ असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. यातला पहिलाच बंध. टाकी कितीही मोठी घेतली तरी ती बंधच आहे. काही जणी म्हणतात, "दुकानातल्या छोट्या पिशवीतून आम्ही त्यांना सोडवतो की." मैत्रिणींनो, आपण एक पिशवी आणली की दुकानदार त्या जागी दुसरी टांगतो. विकत घेऊन सोडवणं म्हणजे पुढच्या पिशवीची ऑर्डर देणं.

दुसरं कारण वास्तूचं. आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश ठेवा, घरावरचं संकट मासा स्वतःवर घेतो, मेला तर समजायचं बला टळली, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. हे ऐकून मला खरंच राग येतो. आपलं कर्म आपल्यालाच भोगायचं, ते मुलाला देता येत नाही की नवऱ्याला, एवढं तर पाठशाळेतलं पोरही सांगतं. मग ते एका मुक्या जिवाच्या माथी कसं मारता येईल? आणि मासा बहुधा संकट घेऊन मरत नाही, पाणी घाण झालं म्हणून मरतो. आपला निष्काळजीपणा झाकायला सोयीचा समज आहे हा.

आता ज्यांच्याकडं टाकी आहेच, त्यांच्यासाठी. पहिली गोष्ट, अपराधी वाटलं म्हणून मासे नदीत किंवा तळ्यात सोडू नका. जीवदया म्हणून असं करणाऱ्या दोन घरांची मला माहिती आहे. दुकानातले बरेचसे मासे परदेशी जातीचे असतात. थंडीनं, भुकेनं किंवा दुसऱ्याच्या तोंडी पडून ते मरतात. आणि जे तगतात, ते तिथल्या माशांच्या मुळावर येतात. दक्षिण अमेरिकेतला सकर असाच लोकांनी सोडून सोडून आपल्या देशातल्या अनेक नद्या-तळ्यांत पसरला आहे. एका जिवावर दया करायची आणि हजारोंचं घर मोडायचं, याला विवेक म्हणत नाहीत. सांभाळता येत नसतील तर योग्य टाकी असलेल्या माणसाकडं द्या.

दुसरी गोष्ट सोबतीची. लोक विचारतात, कुठला मासा कुठल्या माशाबरोबर चालतो? मी म्हणते, त्याआधी विचारा, कुठला मासा आपल्या घराबरोबर चालतो. ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न हे मांसाहारी आणि मोठे होणारे मासे. ऑस्कर फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. त्याला घालायला दुकानात जिवंत छोटे मासे वेगळे मिळतात, आणि पाहुण्यांसमोर ते टाकून मजा बघणारे लोक मी पाहिले आहेत. तंदुल मत्स्याची गोष्ट आठवते ना? स्वयंभूरमण समुद्रातल्या महामत्स्याच्या कानात राहणारा तांदळाएवढा मासा. महामत्स्याच्या उघड्या तोंडातून मासे आत-बाहेर करताना बघून तो मनात म्हणतो, मी असतो तर एकालाही सोडलं नसतं. हातून एकही जीव मेला नाही, नुसत्या भावानं सातव्या नरकात गेला. टाकीसमोर टाळ्या पिटणाऱ्यांनी ही गोष्ट पुन्हा ऐकावी. असे मासे आपल्या घरात येऊच नयेत. आणि आणून त्यांना पालकाच्या पानांवर ठेवायचं म्हणाल, तर तो अन्नपाननिरोध झाला. वाघ आणून त्याला गवत घालणं ही अहिंसा नव्हे.

म्हणून मिश्राहारी, लहान, शांत मासे बघायचे. मॉली, प्लेटी, गप्पी, रोझी बार्ब, झेब्रा डॅनिओ हे वाफवलेला मटार, पालक, काकडी, स्पिरुलिना असलेले दाणे आवडीनं खातात. तरी एक खरं सांगते. दुकानातल्या बहुतेक तयार दाण्यांत, डब्यावर हिरवं पान छापलेलं असलं तरी, माशांची पूड असते. मागचा बारीक मजकूर वाचा. जिवंत अळ्या आणि ट्यूबिफेक्सचे किडे मात्र माझ्या घरात येत नाहीत.

तिसरी गोष्ट पाण्याची. सोबत जुळते ती आधी पाण्यात. निऑनला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं. मॉली, प्लेटी, गप्पी यांना जड पाणी मानवतं. आमच्या भागातलं बोअरचं पाणी म्हणजे पातेल्याला पांढरा थर धरणारं. त्यात निऑन आणणं ही माझी दुसरी चूक होती. आपल्या नळाला काय येतं ते बघून मासा निवडा, माशासाठी रोज पाणी बदलत बसू नका. तसंच तापमानाचं. गोल्डफिशला थंडावा लागतो, अठरा ते बावीस अंश त्याला बरं. एंजल आणि टेट्रांना पंचवीसच्या पुढचं ऊबदार पाणी हवं. दोघं एकाच टाकीत असले की एकाला तरी रोज त्रास होतोच. शिवाय गोल्डफिश घाणही फार करतो.

एका मावशींनी प्रासुक म्हणून उकळून गार केलेलं पाणी टाकीत घातलं आणि मासे वर येऊन धापा टाकायला लागले. उकळल्यानं पाण्यातला प्राणवायू निघून जातो. त्यांना ते पाणी तसंच देऊ नका. नगरपालिकेचं पाणी असेल तर त्यातल्या क्लोरिनवरचं औषध टाका किंवा उघड्या भांड्यात दिवसभर ठेवा. मी ते गाळून घेते आणि जिवाणी जिथून पाणी घेतलं तिथं पोचवते, नेहमीसारखीच.

चौथी गोष्ट आकार आणि संख्या. दुकानात सगळेच मासे बोटाएवढे असतात. विकत घेताना तो आज केवढा आहे हे बघू नका, पुरा वाढल्यावर केवढा होणार ते विचारा. आमचा सकर दोन वर्षांत दहा इंचांचा झाला. वळायला त्याला टाकीची रुंदी पुरेना. शेवटी तो नात्यातल्या एकांच्या शेतातल्या मोठ्या, बंद हौदात गेला. तिथून बाहेर पाणी जात नाही, याची खात्री करून मगच दिला. अंदाजाचं गणित सोपं आहे: पुऱ्या वाढीच्या एक सेंटिमीटर माशाला दोन लिटर पाणी धरा. दोनशे लिटरला लहान माशांची मिळून शंभर सेंटिमीटर. त्याहून जास्त घातले की अतिभारारोपण. बैलगाडीत जास्त पोती भरणं आपल्याला लगेच दिसतं, टाकीतली गर्दी मात्र शोभा वाटते.

आणि थव्यात राहणारा मासा एकटा-दुकटा आणू नका. टेट्रा, बार्ब, डॅनिओ किमान सहा-आठ तरी हवेत. टायगर बार्ब कमी असले की दुसऱ्यांचे पर तोडतात, आठ-दहा असले तर बहुतेक भांडण आपसात मिटवतात. तरीही लांब परांचे एंजल, गोरामी, फायटर त्यांच्याजवळ नकोतच. पर तुटणं म्हणजे छेदच की. दोन नर फायटर तर एका टाकीत कधीच नाही, एकमेकांना मरेपर्यंत फाडतात.

पाचवी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, आणि आपल्यासाठी ती फार मोठी आहे. पिल्लं. गप्पी, मॉली, प्लेटी जिवंत पिल्लं घालतात, महिन्याला वीस-तीससुद्धा, आणि आई स्वतःच त्यांना खाते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. उपाय साधा आहे. फक्त नर आणा. या तिन्ही जातींत नराच्या पोटाखालचा पर काडीसारखा निमुळता असतो, मादीचा पंख्यासारखा. मादी एकटी आणली तरी उपयोग नाही, तिच्या पोटात आधीचं बीज महिनोन्‌महिने टिकतं. नुसते नर ठेवले की खाल्लं जाण्यासाठी कुणी जन्मालाच येत नाही.

टाकी लावल्या लावल्या मासे सोडायचे नाहीत, हेही मी उशिरा शिकले. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात सूक्ष्म जीव वाढले की ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. त्यांना वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस रिकाम्या टाकीत चिमूटभर दाणे टाकत राहा, म्हणजे सूक्ष्म जीव वाढतील. पाणी तपासून अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे आणा, तेही थोडे थोडे. आणि स्पंज नळाखाली घासूनपुसून चकचकीत करू नका. क्लोरिननं ते सगळे जीव मरतात आणि मागोमाग मासेही. टाकीतूनच बादलीभर काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, काढलेलं झाडांना घाला.

गोगलगाई झाल्या तर दुकानदार त्या खाणारा मासा देऊ करतो. घेऊ नका. त्या द्वींद्रिय जिवांची वाढ आपल्या जास्त दाण्यांवर होते. दाणे कमी करा, त्या आपोआप आटोक्यात राहतात. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच, दिवसातून दोनदा पुरे. आमच्याकडं दुसरी वेळ सूर्यास्ताआधीची, मग टाकीचा दिवाही बंद. मुलगा म्हणतो, आपल्या माशांचा चौविहार. कुणी विचारतं, अष्टमी-चतुर्दशीला त्यांनाही उपवास घडवला तर? निरोगी मोठ्या माशाला एक दिवस खाणं नसलं तर काही होत नाही. पण उपवास स्वतःच्या इच्छेनं करायचा असतो. दुसऱ्याला उपाशी ठेवून पुण्य लागत नाही.

आणि हो, काचेवर टकटक करणाऱ्या पाहुण्यांच्या मुलांना मी गोड बोलून थांबवते. आपल्याला तो खेळ वाटतो, आत मात्र घबराट उडते.

आता आमची टाकी कशी आहे? त्या दशलक्षणानंतर टायगर बार्ब, उरलेला एंजल आणि चार निऑन तीन वेगवेगळ्या ठिकाणी गेले, जिथं त्यांना शोभेल अशी सोबत होती. त्याला दोन महिने लागले, तोवर टाकीत जाळीचे पडदे लावून ठेवले. आता आहेत सहा रोझी बार्ब, आठ झेब्रा डॅनिओ आणि पाच प्लेटी, सगळे नर. बार्ब आणि डॅनिओ मूळचे आपल्याच उपखंडातले. तिघांनाही बावीस-चोवीस अंश चालतं, म्हणून आमच्याकडच्या थंडीत फारसा हीटर लागत नाही. उन्हाळ्यात मात्र झाकण उघडून वर जाळी टाकते आणि पंखा लावते, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. डॅनिओ कधी अंडी घालतात आणि तेच ती खातात. हे मला पूर्ण थांबवता आलेलं नाही. प्रतिक्रमणाला बसते तेव्हा ते आठवतं.

हे मासे आयुष्यभर सांभाळायचे आणि नंतर नवे आणायचे नाहीत, असं आम्ही घरात ठरवलं आहे. मुलगा आता दहावीला आहे. टाकीनं मुलं दया शिकतात, असं पुष्कळ जणी म्हणतात. माझा मुलगा शिकला हे खरं, पण तो टाकी बघून शिकला नाही, एंजल मेला तेव्हा आजीच्या त्या प्रश्नानं शिकला. तो धडा त्याला काचेशिवाय, रंकाळ्याच्या काठावर बसूनही देता आला असता. आपल्या अरनाथ भगवंतांचं चिन्ह मासा, तीर्थंकरांच्या मातेच्या सोळा स्वप्नांत खेळणारी माशांची जोडी. तिथं तो मोकळा आहे.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं सगळं करण्यापेक्षा तिथं तुळशीच्या कुंड्याच ठेवते." मी म्हटलं, ठेवा. पण तुमच्या घरी टाकी आलेलीच असेल, तर आज संध्याकाळी जरा तिच्यासमोर बसा. कोण कोपऱ्यात दबून बसलंय, कुणाचा पर फाटलाय, कोण कमी झालंय, ते बघा. ते स्वतः सांगू शकत नाहीत, आणि तिथून निघूनही जाऊ शकत नाहीत.